नवऱ्यांचा बाक

मास्तरांना गाठ सापडली ती अंघोळ करताना. डाव्या छातीवरून साबण फिरवताना बोटाखाली काहीतरी कडक लागलं, वाटाण्याएवढं म्हणा. मास्तरांनी ते लागलंच नाही असं ठरवून टाकलं. माणूस असंच करतो. दुसऱ्या दिवशी साबण पुन्हा तिथूनच फिरला, आणि गाठ होती तिथेच होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बायकांचे कपडे शिवणारे टेलरमास्तर. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मधे पडदा, एवढ्यात त्यांचा उभा जन्म गेला. हातात टेप आली की मास्तर मान खाली घालून आकडे पुटपुटायला लागत, आणि समोरची बाई कितीही लाजरी असली तरी दोन मिनिटांत सैलावायची, कारण त्या डोळ्यांत आकड्यांशिवाय काही नसायचं. छाती, कंबर, खांदा, बाही हे शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून शंभर वेळा येत. आपल्यालाही एक अंग आहे, हे मात्र त्यांच्या फारसं ध्यानात नसे.

बायको होती तोवर ते तिच्या ध्यानात असायचं. "अहो, खोकताय तुम्ही कालपासून." "अहो, आज निम्मं ताटातच ठेवलंत." ती गेली त्याला आता दोन वर्षं होत आली होती. एका कोटाची बटणं लावता लावता बसल्या जागी गेली, कुणाला त्रास नाही की काही नाही. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून मास्तरांना 'अहो' म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं. बाकी सगळी दुनिया 'मास्तर' म्हणायची, आणि तेही ब्लाउज कधी मिळणार हे विचारण्यापुरतं. असल्या हाकांनी पोट भरतं, घर भरत नाही.

महिनाभर मास्तर मूग गिळून गप्प बसले. मग एका सकाळी हिय्या करून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. हे त्यांचे जुने डॉक्टर. माणूस वाईट नव्हता, हाताला गुण होता, फक्त जीभ तेवढी मोकळी सोडलेली. तपासायच्या खोलीचा पडदा कायम अर्धा उघडा, पलीकडे कंपाउंडर औषधं बांधतोय, त्याच्या पलीकडे बाकीचे पेशंट कान टवकारून बसलेत, असा सगळा थाट. मास्तरांनी हळू आवाजात सांगितलं. डॉक्टरांनी शर्टावरूनच जरा दाबल्यासारखं केलं आणि मोठ्यांदा हसले.

"काय मास्तर, जन्मभर बायकांची मापं घेतलीत, आता त्यांचं वारं लागलं की काय तुम्हाला?"

कंपाउंडर हसला. बाहेरचेही दोघंतिघं हसले.

"चरबी आहे हो," डॉक्टर म्हणाले. "पुरुषाच्या छातीला काय होतंय? केस पिकतात, संपलं. ताकदीच्या गोळ्या देतो, घ्या."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मास्तरही हसले, कारण अशा वेळी न हसणाऱ्याची जास्तच थट्टा होते. घरी आल्यावर शर्ट काढायला गेले तेव्हा त्यांना कळलं, कान अजून तापलेले आहेत. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. मास्तरांना जावई नव्हता, तरी म्हण त्यांनाच लागू पडली.

त्याच आठवड्यात एक बाई कोट शिवायला आली. दोन्ही हात वर करून उभी होती आणि तोंडाचा पट्टा चालू होता. पुलापलीकडे कुणी एक डॉक्टरबाई आहेत, त्यांचं कौतुक चाललं होतं.

"आधी नवऱ्याला खोलीबाहेर काढतात बघा. सासू असली तर सासूलाही. म्हणतात, 'तुमचं दुखणं तुम्ही सांगा, मला वेळ आहे.' मास्तर, मला असं कधी कुणी विचारलंच नव्हतं हो. मी तर रडायलाच लागले. आणि हसल्या नाहीत त्या, अजिबात हसल्या नाहीत."

"हात खाली घ्या," मास्तर म्हणाले. छातीचं माप लिहायचं राहिलंय हे त्यांच्या लक्षात आलं ते बाई गेल्यावर. हसल्या नाहीत, हे शब्द त्यांच्या कानातून जाईनात.

पुलापलीकडचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. आत बायकांसाठी खुर्च्या, आणि बाहेर जिन्याच्या वळणावर एक लांब बाक. मास्तर दारातून आत डोकावले तोच नर्सने पेनानेच बाक दाखवला. त्यावर चारपाच पुरुष बसले होते, कुणाच्या मांडीवर बायकोची पर्स, कुणाच्या हातात तिची छत्री. परीक्षेच्या वर्गाबाहेर आईबाप बसतात तसे चेहरे. मास्तर कडेला टेकले. आतल्या बायका एकेक करून बाहेर आल्या, बाहेरचे नवरे एकेक करून उठले, आणि शेवटी बाकावर मास्तर एकटे राहिले.

"तुमचं कोण आहे आत?" नर्सने विचारलं.

"मलाच भेटायचंय बाईंना."

डॉक्टरबाईंनी पन्नाशी ओलांडली असावी. त्यांच्या त्या नियमाला कारण होतं, ते आधी सांगायला हवं, नाहीतर बिचारीवर अन्याय होईल. उमेदीची वर्षं त्यांनी नवऱ्यांची भाषणं ऐकण्यात घालवली होती. 'हिला काही नाही हो, उगाच डोकं दुखतं म्हणते.' आणि ती 'ही' शेजारी मान खाली घालून बसलेली. त्यातली एक जण तशीच बसून बसून हातची गेली, तेव्हापासून बाईंनी नवऱ्यांसाठी बाहेर बाक टाकला. नियम चांगलाच होता. पण नियम फार दिवस पाळला की डोळ्यांना एकच दिसायची सवय लागते. दारातून पुरुष आला म्हणजे तो कुणाचातरी नवरा, आणि सगळे नवरे एकाच माळेचे मणी, हे बाईंच्या मनात पक्कं बसलं होतं.

"बोला," त्या म्हणाल्या. "मिसेस कुठे आहेत?"

घरापासून घोकत आणलेल्या वाक्यातला एकच शब्द मास्तरांच्या तोंडून निघाला. "गाठ," ते म्हणाले. "छातीत. म्हणजे..." हात स्वतःच्या छातीकडे निघाला, अर्ध्यावर थबकला आणि टेबलावर येऊन पडला.

"मिसेसना गाठ आहे?"

बाईंचा चेहरा गंभीर होता. हसण्याचं नावही नव्हतं. तो चेहरा बिघडू नये एवढ्याच भीतीने मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

"मग त्यांना घेऊन या. बाईचं दुखणं मी नवऱ्याकडून ऐकत नाही."

"घरी आहे ती. लाजते फार."

बाईंनी उसासा सोडला. नियम नियमाच्या जागी, पण छातीतली गाठ ऐकून कुठल्या डॉक्टरला गप्प बसवेल? केवढी आहे, हलते का, दुखते का, बोंड आत ओढल्यासारखं दिसतं का, असं त्यांनी एकेक विचारलं. मास्तरांनी एकेकाचं बिनचूक उत्तर दिलं. वाटाण्याची सुपारी झाली होती. हलत नव्हती. दुखत नव्हती. बोंड जरासं आत गेलं होतं. ऐकता ऐकता बाई पुढे झुकल्या.

"नवऱ्याच्या मानाने बरंच लक्ष आहे तुमचं. जेवण कसं आहे त्यांचं? झोप?"

इथे घात झाला. मास्तरांना म्हणता आलं असतं, माहीत नाही. पण दोन वर्षांत कुणी तिच्याबद्दल काही विचारलंच नव्हतं. ती गेल्यावर लोक चार दिवस हळहळले आणि पाचव्या दिवशी आपापल्या कामाला लागले. आणि ही बाई, हातातलं पेन थांबवून, विचारत होती की तिला झोप लागते का.

"झोप सावध आहे तिची," मास्तर म्हणाले. "जरा खुट्ट झालं की उठून बसते. जेवण पाखरासारखं. चहात मात्र चोरून दोन चमचे साखर घालते. मला कळत नाही असं वाटतं तिला."

बाई किंचित हसल्या. "घेऊन या त्यांना. याच आठवड्यात. ही गाठ तशीच ठेवायची नाही, कळलं ना?"

जिना उतरताना मास्तरांना किती तरी दिवसांनी हलकं वाटलं. गाठ होती तेवढीच होती, पण घरी कुणीतरी आहे असं वाटत होतं. बेकरीत त्यांनी नेहमीच्या अर्ध्याऐवजी अख्खा ब्रेड घेतला. चौथ्या दिवशी त्याला बुरशी आली, तेव्हा तो कागदात गुंडाळून गुपचूप टाकून दिला.

आता शहाण्या माणसाने दुसऱ्या खेपेला खरं सांगितलं असतं. मास्तर दुसऱ्या खेपेला खरं सांगायलाच गेले होते. पण दवाखान्यात गर्दी होती आणि बाकावर जागा होती. शेजारी एक रिक्षावाला बसला होता, त्याच्यापलीकडे कुणी कारकून. बायकांचं गाऱ्हाणं चाललं होतं.

"आमची बाई गोळी घ्यायची म्हटलं की दहा बहाणे सांगते," रिक्षावाला म्हणाला.

"आमचीही तशीच," कारकून म्हणाला. "पालथ्या घड्यावर पाणी. तुमची कशी आहे हो?"

"आमची तर ऐकतच नाही," मास्तर म्हणाले. "मी म्हणतो, डोळ्यांवर ताण येतो, बटणं उद्या लाव. पण नाही. हट्टी आहे."

दोघांनी समजुतीने माना डोलावल्या. रिक्षावाल्याने त्यांच्यासाठीही चहा सांगितला. मास्तर त्या बाकावर तासभर बसले आणि तेवढा वेळ चारचौघांसारखे नवरे होते. बायकोची कागाळी करण्यात किती सुख असतं, ते ज्याची बायको आहे त्याला कळायचं नाही. आत गेल्यावर त्यांनी बाईंना सांगितलं, "नाही येत म्हणते. समजावतोय." बाईंनी टेबलावर पेन आपटलं, पण परत विचारपूसही केली, आणि मास्तरांनी त्यांनाही बटणांचं सांगितलं. खरं सांगितलं, तर ती विचारपूस गमवावी लागणार होती. गाठ माझी आहे असं म्हणायचं म्हणजे आधी, ती नाही, असं म्हणायला हवं. एवढं एक वाक्य मास्तरांना शिवता येईना.

गाठीला यातलं काही माहीत नव्हतं. ती आपलं काम करत राहिली. काखेत दुसरी एक बारीकशी लागायला लागली. मग एका सकाळी बनियनवर, बोंडाच्या जागी, तपकिरी डाग दिसला. मास्तरांनी तो साबणाने घासला. दुसऱ्या दिवशी नवा डाग होता. त्या दिवशी त्यांनी दुकानाची फळी लावली, पडद्यामागे खुर्चीवर बसले आणि त्यांना चक्क भीती वाटली. मरणाची नव्हे. आपण मेलो तर किती दिवसांनी कुणाला कळेल, याची. एखादी बाई ब्लाउज मागायला येईल, बंद फळी बघून चरफडत परत जाईल, पुन्हा येईल. बहुधा तिसऱ्या खेपेला कुणाला शंका येईल.

ते उठले आणि तडक पूल ओलांडून गेले. या वेळी बाकावर बसले नाहीत. नर्स नको नको म्हणत असताना आत शिरले.

"रक्त येतंय," ते म्हणाले. "बोंडातून. आणि काखेतही गाठ आहे."

बाई उभ्याच राहिल्या. "आणि अजून त्या घरीच आहेत?"

"बाई, माझं जरा ऐकून..."

"काय ऐकू? किती आठवडे झाले, तुम्ही इथे येऊन मला गोष्टी सांगताय. साखर काय आणि बटणं काय! उचलून आणायचं होतं त्यांना. तुमच्यासारख्या नवऱ्यांमुळे बायका मरतात, कळतंय का तुम्हाला? गोड बोलणारे नवरे तर जास्तच वाईट." त्यांनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला. "पत्ता द्या. दवाखाना आटोपला की मी येते घरी. बघू कशा भेटत नाहीत ते."

मास्तरांनी पत्ता दिला. नवऱ्यांमुळे बायका मरतात, हे वाक्य घेऊन ते पुलावरून परत आले, आणि मधेच कठड्याशी थांबून त्यांना विचारावंसं वाटलं, मी तर तिला बटणं लावू नको असंच म्हणत होतो ना? पण विचारायचं कुणाला?

दुपारी डॉक्टरबाई आल्या. हातात बॅग, कपाळावर घाम. मास्तरांनी पडदा बाजूला केला. आतल्या खोलीत एक पलंग होता, त्याच्या अर्ध्या भागावर इस्त्रीचे कपडे रचलेले. मोरीपाशी एक कप उपडा ठेवलेला. दुसऱ्या खोलीचं दार उघडंच होतं आणि तिथे शिवणाच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. बाईंनी सगळीकडे एकदा नजर फिरवली. घरोघरी हिंडलेल्या डॉक्टरला एकट्या माणसाचं घर ओळखायला वेळ लागत नाही.

"कुठे आहेत त्या?" त्यांनी विचारलं, पण आवाज सकाळचा नव्हता.

मास्तरांनी शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. बोटं सुईच्या नेढ्यात पहिल्या झटक्यात दोरा घालणारी, पण आज एकेका बटणाशी झटत होती. बनियन वर केला. मग म्हणाले, "ती नाही. दोन वर्षं झाली. हे माझं आहे."

बाईंनी डाग बघितला, आत ओढलेलं बोंड बघितलं. बॅग खाली ठेवून त्यांनी हात धुतले आणि जवळ येऊन विचारलं, "हात लावू का?"

मास्तरांनी मान हलवली. बाईंची बोटं थंड होती. त्यांनी गाठ तपासली, काख तपासली, उजवी बाजूही तपासली, कुठेही घाई केली नाही. दोन वर्षांत मास्तरांच्या उघड्या अंगाला दुसऱ्या माणसाचा हात असा लागलाच नव्हता. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांना त्याची लाज वाटली आणि वाटली तरी त्यांनी ते पुसलं नाही.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही तिची चौकशी केलीत," मास्तर म्हणाले. "मला हाव सुटली."

बाई खुर्चीत बसल्या.

"आणि तुमची चौकशी मी केलीच नाही," त्या म्हणाल्या. "दारातून आलात आणि मी विचारलं मिसेस कुठे आहेत. हजार बायकांना मी म्हटलं असेल, तुमचं तुम्ही सांगा. तुम्हाला एकदाही नाही म्हटलं."

"पण हे बायकांचं दुखणं ना?"

"क्वचित होतं, पण पुरुषांनाही होतं. आणि पुरुष उशिरा येतात, कारण त्यांना तसं कुणी सांगत नाही. उशीर झालाय, मास्तर. किती, ते तपासल्यावर कळेल. खोटं आश्वासन देणार नाही. उद्या सकाळी मोठ्या हॉस्पिटलात जायचं, मी आत्ता फोन करते. दोनतीन दिवस राहावं लागेल. सोबत कोण आहे तुमच्या?"

मास्तरांच्या तोंडाशी सवयीने आलंच होतं, बायको आहे की. ते त्यांनी गिळलं.

"कोणी नाही," ते म्हणाले.

ती गेली त्या दिवसापासून हे दोन शब्द त्यांनी मनातसुद्धा उच्चारले नव्हते. आता उच्चारले आणि खोली खरोखरच रिकामी झाली. गेले काही आठवडे तिथे वावरणारी, चोरून साखर घालणारी, न ऐकणारी हट्टी बाई उठून गेली. ती दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने तिला घालवलं होतं.

डॉक्टरबाईंनी फोन केला. मग कागद काढून मांडीवर घेतला. "तिथे देण्यासाठी लिहून ठेवते. मला सगळं सांगा. आधीची दुखणी कुठली?"

मास्तर आठवू लागले.

"कावीळ, टायफॉइड, काही?"

"एकदा झालं होतं काहीतरी. लग्नानंतर."

"कुठलं इंजेक्शन सोसत नाही? कुठल्या गोळीने अंगावर पुरळ येतं?"

"एक होती पांढरी गोळी." मास्तरांनी नाव आठवायचा खूप प्रयत्न केला. "ती देऊ नका म्हणून बायको डॉक्टरांना आधीच सांगायची."

"वजन उतरलंय का अलीकडे? भूक?"

पाखरासारखं जेवण, सावध झोप, दोन चमचे साखर, सगळं मास्तरांना तोंडपाठ होतं, पण ते सगळं तिचं. स्वतःबद्दल त्यांना धड एक उत्तर सापडेना.

"हे सगळं तिला माहीत असायचं," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी कागद उलटून कोरी बाजू वर केली.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग आपण पहिल्यापासून काढू. वय किती तुमचं?"

वय मास्तरांना माहीत होतं. त्यांनी ते सांगितलं.